कुत्रा अंगणात सुखरूप राहावा म्हणून: कुंपण कोणते आणि कसे?

आपल्या या कार्यक्रमात आपण बचतीचा हिशेब बोललो, परसबाग बोललो, शेळीचे लसीकरण बोललो. आज बोलू या घरच्या कुत्र्याबद्दल. हा काही बचत गटाचा विषय आहे का, असे कोणी म्हणेल. आम्ही गावोगाव बैठका घेतो, त्यात हा विषय आपणहून येतो. जंगलाला लागून असलेल्या गावात तर हमखास येतो.

तिथे आमच्या कानावर तीन प्रकारच्या गोष्टी पडतात. एक, रात्री अंगणात बांधलेला कुत्रा सकाळी नसतो, नुसती साखळी उरलेली असते. दोन, एकीच्या कुत्र्याने दुसरीची शेळी फाडली किंवा लेकराला चावा घेतला. मग दोघी बैठकीत एका सतरंजीवर बसत नाहीत आणि हप्तेही थांबतात. तीन, कुत्रा मोहफुले वेचायला मागेमागे आला, झुडपातल्या अस्वलावर भुंकला आणि घाबरून परत मालकिणीकडेच पळत आला. मग त्याच्या मागे अस्वलही आले.

या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. कुत्रा आपला म्हणतो, भाकर आपण घालतो, पण तो कुठे जातो आणि कुठे झोपतो ते आपल्या हातात नसते. ते हातात ठेवायचे साधे साधन म्हणजे कुंपण. आता ते कोणते करावे, किती उंच करावे, कशाने करू नये, आणि कुंपण करूनही काय उरते, हे एकेक करून पाहू.

मोकळा कुत्रा आपल्याच भागात जास्त धोक्याचा का?

आपला गोंदिया आणि शेजारचा भंडारा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. 2013 च्या डिसेंबरात तो जाहीर झाला. नागझिरा, नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्ये आणि नवेगावचे राष्ट्रीय उद्यान त्यात येतात. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या भागातून वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, तिरोडा, देवरी या तालुक्यांतल्या कितीतरी गावांची शेवटची बांधी संपते तिथेच जंगल सुरू होते. मध्ये भिंत नाही, नदी नाही.

वाघ सहसा गावात शिरत नाही. बिबट शिरतो, आणि बरेचदा तो कुत्र्यासाठीच शिरतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथे उसाची शेते आहेत अशा भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. बिबट्यांच्या एकूण खाण्यात वजनाने सुमारे 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी होता, कारण शेळ्या रात्री कोठ्यात बंद असतात आणि कुत्रा बाहेर असतो. म्हणजे कुत्रा राखणीला आहे म्हणून बिबट येणार नाही, ही समजूत उलटी आहे. उघड्यावरचा कुत्रा बिबट्याला घरापर्यंत आणतो. उन्हाळ्यात त्याच अंगणात आपली लेकरे आणि म्हातारी माणसे खाटा टाकून झोपतात, हे लक्षात घ्या.

दुसरा धोका आपल्या कुत्र्यापासून जंगलाला आहे. टोळीने फिरणारे कुत्रे चितळाचे पाडस धरतात, रानडुकरामागे लागतात. त्याहून वाईट म्हणजे रोग. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा विषाणूचा आजार होतो. नाकाडोळ्यांतून पाणी येते, ताप येतो, पुढे झटके येतात. हा आजार वन्य प्राण्यांनाही लागतो. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गुजरातच्या गीरमध्ये तीन आठवड्यांत 23 सिंह मेले आणि त्यांतल्या काहींमध्ये याच डिस्टेंपरचा विषाणू सापडला. नागझिरा तर रानकुत्र्यांसाठी ओळखला जातो. रानकुत्रा आणि आपला गावठी कुत्रा एकाच कुळातले. एका पाणवठ्यावर दोघांनी तोंड घातले तर काय होऊ शकते, ते वेगळे सांगायला नको.

तिसरा धोका रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याचा. त्याचे बोलणे शेवटी करू.

साखळी म्हणजे कुंपण नव्हे

"आम्ही बांधून ठेवतो न," असे पुष्कळ जणी म्हणतात. तासभर बांधणे वेगळे आणि दिवसरात्र बांधून ठेवणे वेगळे. कायम आखूड साखळीत राहिलेला कुत्रा चिडका होतो. जवळून जाणारे लेकरू त्याला शत्रू वाटते आणि तो चावतो. रात्री बिबट आला तर त्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही.

कायद्यालाही हे मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि बांधलेल्या कुत्र्याला कधीच हिंडवून न आणणे, हे दोन्ही त्या कायद्याने गुन्हे आहेत. दुसऱ्या बाजूने, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. बांधून छळायचे नाही आणि मोकाटही सोडायचे नाही, म्हटल्यावर मधला रस्ता कुंपणाचाच उरतो.

आधी कुत्रा कसा पळतो ते पाहा

बाजारात जाण्याआधी दोन दिवस आपल्या कुत्र्याकडे नीट लक्ष द्या. सगळे कुत्रे एकाच वाटेने बाहेर जात नाहीत.

काही उडी मारतात. तरुण गावठी कुत्रा चार फुटांचे कुंपण सहज ओलांडतो. त्याला पाच फूट लागते, फारच चपळ असेल तर सहा. पिल्लाच्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत चार फुटांतही भागते, पण पिल्लू मोठे होणार आहे हे धरूनच माप घ्या.

काही उकरतात. कुंपणाच्या बुडाशी ताजी माती दिसली की समजावे, हा खालून जाणारा आहे. त्याच्यासाठी उंची वाढवून काही उपयोग नाही, जमिनीखाली बंदोबस्त करावा लागतो.

काही फटीतून घुसतात. पिल्लाचे डोके जिथून जाते तिथून बाकीचे अंगही जाते. आणि डोके जाऊन अंग अडकले तर ते आणखी वाईट. म्हणून फट दोन इंचांपेक्षा मोठी नको.

काही चढतात. जाळीच्या भोकात पंजे रोवून वर जाणारा कुत्रा असतो, आणि सरपणाच्या ढिगावरून पलीकडे जाणारा तर घरोघरी असतो. कुंपणाला लागून सरपण, तणसाचा ढीग, विटांची रास किंवा उलटे घमेले ठेवले, तर आपणच त्याला पायरी करून दिली. या वस्तू निदान चार-पाच हात आत सरकवा.

आणि बहुतेक कुत्रे यातले काहीच करत नाहीत. ते फाटकातून जातात.

कुंपणाचे प्रकार, एकेक करून

*बांबूचे कुंपण.* आपल्या झाडीपट्टीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मानवेल बांबू भरीव आणि चिवट असतो, कुंपणाला चांगला. कटांग जाड आणि काटेरी, तो खांबाला चालतो. बांबू उभे, एकमेकांना चिकटून लावावेत. आडवे लावले की कुत्र्याला शिडी मिळते. आतल्या बाजूने खालचे दोन-अडीच फूट तट्टा बांधला तर दुहेरी फायदा होतो. फटी बुजतात, आणि रस्त्यावरचे दिसत नाही म्हणून कुत्रा उगाच भुंकत नाही. बांबूचे दुखणे म्हणजे उदई आणि ओल. जमिनीत जाणारे टोक जाळावर धरून वरवर काळे करावे, मग त्याला डांबर किंवा जळके ऑइल फासावे. तरी दोन-तीन पावसाळ्यांनी बदलायची तयारी ठेवावी. आपल्या शेतातला बांबू तोडायला आता झाडतोडीची परवानगी लागत नाही. 2017 मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. जंगलातला बांबू मात्र वेगळा. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभेला विचारावे, इतर ठिकाणी वनविभागाच्या नियमानेच घ्यावा. बुरड कारागिरांकडून तट्टे विणून घेतले तर काम पक्के होते आणि पैसाही गावात राहतो.

*चेनलिंक जाळी.* ही चौकटी-चौकटीची विणलेली लोखंडी जाळी. कुत्र्यासाठी आम्हाला ही सर्वांत सोयीची वाटते. दुकानात दोन गोष्टी विचारा, भोकाचे माप आणि तारेचा गेज. गेजचा आकडा उलटा चालतो. आकडा लहान म्हणजे तार जाड. 12 गेजची, दोन इंची भोकाची, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घरगुती कुत्र्याला पुरते. ताकदीचा कुत्रा असेल तर 10 गेज. जाळी वजनावर विकतात, म्हणून जाड तार महाग पडते. खांबांच्या मध्ये वर, मधोमध आणि खाली अशा तीन ताणाच्या तारा ओढून त्यांना जाळी बांधावी. नुसती खांबाला अडकवलेली जाळी महिनाभरात पोट काढते आणि कुत्रा खालून डोके घालतो.

*वेल्डमेश.* ही डाग देऊन जोडलेली ताठ जाळी. लहान पिंजऱ्याला आणि फाटकाला चांगली. मात्र हलक्या प्रतीच्या जाळीचे डाग सुटतात आणि तुटलेले टोक कुत्र्याच्या अंगाला लागते. घेताना एक कोपरा हाताने वाकवून पाहा.

*कोंबड्यांची षटकोनी जाळी.* स्वस्त म्हणून हीच आणतात. ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला अडवत नाही. दातांनी तुटते. चेनलिंकच्या बुडाशी पिल्लांसाठी जोड म्हणून लावायची असेल तर लावा, एकटी नको.

*विटांची किंवा तयार सिमेंट फळ्यांची भिंत.* सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. आधीच असलेली भिंत कमी उंचीची असेल तर पाडू नका, तिच्यावर लोखंडी पट्ट्या उभ्या करून दीड-दोन फूट जाळी चढवा.

*झाडांचे कुंपण.* मेंदी, करवंद, सागरगोटा यांची दाट रांग दिसायला सुंदर, पण दाट व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि बुडाशी फटी राहतातच. जाळीच्या बाहेरून लावली तर उत्तम. बेशरमाच्या फांद्या रोवून कुंपण करायची आपल्याकडे सवय आहे. ते लवकर वाढते हे खरे, पण त्याचा पाला शेळ्यांना विषारी आहे आणि कुत्रा त्याच्या बुडातून आरामात जातो.

हे मात्र करू नका

काटेरी तार कुत्र्याच्या कुंपणाला वापरू नका. दोन तारांमधून कुत्रा निघतोच, पण पाठ आणि डोळे फाडून घेतो. जखमेत माश्या बसतात, पावसाळ्यात किडे पडतात. भिंतीवर काचा रोवणेही तसेच. आपलेच पोर चेंडू काढायला वर चढते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरच्या मीटरमधून किंवा खांबावरून आकडा टाकून तारेत करंट सोडू नका. रानडुकरांसाठी म्हणून असे करणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत. त्यात डुकरेही मेली, बैल मेले, वाघ मेले, माणसेही मेली. नागझिऱ्यात वाढलेला आणि पुढे उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला 'जय' वाघ सगळ्यांना माहीत आहे. त्याचा बछडा 'श्रीनिवास' एप्रिल 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात शेताच्या वीजतारेला लागून मेला. घरातली वीज एकदा अंगात शिरली की माणसाला चिकटवून धरते. अंगणात तर आपण ओल्या हाताने वावरतो.

मग सौर झटका मशीन? ती वेगळी असते. ती सेकंदाला साधारण एकदा, क्षणभराचा जोराचा पण अतिशय थोड्या करंटचा झटका देते. त्याने जनावर दचकते, मरत नाही. शेताच्या धुऱ्यावर तिचा उपयोग आहे आणि जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदानही आहे. घरच्या अंगणात मात्र आम्ही ती सुचवत नाही. तिथे रांगणारे मूल असते, शेळी असते, पाहुणे असतात. शिवाय फटाक्याने बिथरलेला कुत्रा झटका सोसून एकदा बाहेर पडला, की त्याच झटक्याच्या भीतीने परत आत यायला धजत नाही.

माप आणि हिशेब

आता वही-पेन घ्या. पूर्ण वाडीला कुंपण करायची गरज नाही. घराची मागची भिंत ही एक बाजू धरली तर तेवढा खर्च वाचतो.

समजा, घरामागची सांदवाडी 25 फूट रुंद आणि 40 फूट लांब आहे. घराची भिंत 25 फुटांची बाजू अडवते. उरल्या तीन बाजू: 40 अधिक 25 अधिक 40, म्हणजे 105 फूट. त्यातून 3 फुटांचे फाटक वजा केले की जाळी लागते 102 फूट. वळणाला आणि बांधायला थोडी जास्त, म्हणून 105 फूटच घ्या.

खांब साधारण आठ-आठ फुटांवर. लांबीच्या दोन बाजूंना पाच-पाच गाळे, रुंदीला तीन, एकूण तेरा गाळे. तेरा गाळ्यांना दोन्ही टोके धरून चौदा खांब, आणि फाटकासाठी एक जास्तीचा, असे पंधरा. पाच फूट उंचीच्या कुंपणाला खांब सात फुटी घ्यावा, दोन फूट जमिनीत जातो. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब रेती-गिट्टी-सिमेंटमध्ये पक्के बसवा, मधले खांब सब्बलने खड्डा घेऊन दगड-मुरमाने ठोकून बसवले तरी चालतात. पहिल्या पावसाने आपली माती फुगते आणि खांब डुलतात, म्हणून हे काम उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की करावे.

उकरणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीच्या बुडाशी, आतल्या बाजूने, फूट-दीड फूट रुंदीची जाळीची पट्टी जमिनीवर आडवी अंथरा, वरच्या जाळीला तारेने बांधा आणि वर मुरूम किंवा दगड पसरा. कुत्रा नेहमी अगदी कुंपणाच्या कडेला उकरतो. तिथे पंज्याला जाळी लागली की तो सोडून देतो. खोल चर खणून जाळी पुरण्यापेक्षा हे स्वस्त आणि सोपे आहे.

एवढेही जमण्यासारखे नसेल तर कोपऱ्यात 12 बाय 15 फुटांची कुत्र्यापुरती जागा अडवा. घराच्या दोन भिंतींचा काटकोन मिळाला तर फक्त 27 फूट जाळी लागते. दिवसा कामावर जाताना कुत्रा तिथे, संध्याकाळी आपल्यासोबत बाहेर. आत सावली आणि पाणी हवेच. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली कोंडलेला कुत्रा उष्माघाताने मरतो. सावलीला कवेलू किंवा तणस टाका आणि पाण्याचे भांडे मातीचे, जड ठेवा.

फाटक

पाच फुटी जाळी लावून पुढे दोन फुटी लाकडी फाटक ठेवले तर सगळा खर्च वाया गेला. फाटक कुंपणाएवढेच उंच हवे. ते आतल्या बाजूने उघडणारे असावे, म्हणजे कुत्र्याने धक्का मारला तरी उलट बंदच होते. खालची फट तीन बोटांपेक्षा जास्त नको. जमीन झिजते, म्हणून फाटकाखाली एक फरशी किंवा विटांची ओळ बसवा. कडी अशी, की लहान मुलाला लावता येईल पण कुत्र्याला नाकाने उचलता येणार नाही. फाटक आपोआप बंद व्हावे म्हणून दोरीला दगड बांधून कप्पीवर सोडतात, तो जुना उपाय आजही चांगला आहे.

रात्र झाली की

हे नीट ऐका. आतापर्यंत सांगितलेले कुंपण कुत्र्याला बाहेर जाऊ देत नाही. बिबट्याला आत येण्यापासून ते अडवत नाही. बिबट झाडावर चढतो आणि आठ-दहा फूट उंच उडी घेतो. पाच फुटी जाळी त्याला काहीच नाही. उलट, कुंपणात मोकळा असलेला कुत्रा त्याला पळायची जागा नसलेला सापडतो.

म्हणून दिवे लागले की कुत्रा छताखाली, दाराआड गेला पाहिजे. कोठ्याचा एक कोपरा, पडवी किंवा विटांची लहान खोली चालेल. चारही बाजू बंद, वर छत, दार मजबूत आणि कडी बाहेरून. कवेलूचे छत असेल तर खालून जाळी ताणून घ्या, कारण बिबट कवेलू सरकवून उतरू शकतो. शेळ्या, कोंबड्यांनाही हाच नियम. कुत्रा आतूनही भुंकतो, राखण काही कमी होत नाही.

शिळे अन्न, कोंबडीची पिसे-आतडी घरामागे टाकू नका. त्यावर गावातली बेवारस कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट येतो. अंगणात एक दिवा ठेवा, घराभोवतीचे झुडूप कापून ठेवा, उन्हाळ्यात लेकरांच्या खाटा आत घ्या. बिबट दिसला तर त्याच्यामागे लागू नका, वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.

आणि मोहफुले किंवा तेंदूपत्त्याला पहाटे निघताना कुत्र्याला आत टाकून फाटक लावूनच निघा. तो केविलवाणा भुंकेल, पण जंगलात तो सोबत नसण्यातच आपले आणि त्याचे भले आहे.

कुंपणाने जे होत नाही ते

कंटाळलेला, उपाशी किंवा भाद्रपदात माजावर आलेला कुत्रा कोणतेही कुंपण तोडायला बघतो. रोज सकाळ-संध्याकाळ दोरीने बांधून अर्धा तास हिंडवले, वेळेवर खायला घातले, की निम्मे उकरणे आपोआप थांबते. नसबंदी केली तर नराचे भटकणे कमी होते आणि मादीमागे टोळके जमत नाही. नसबंदीने कुत्रा आळशी होतो, राखण करत नाही, ही समजूत खरी नाही. अनोळखी पावलाला तो तसाच भुंकतो.

लस चुकवू नका. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, पुढे पशुवैद्य सांगतील तशी, दरवर्षी. डिस्टेंपर आणि पार्वोची एकत्रित लसही विचारून घ्या. गावात जनावर आजारी पडले तर 1962 क्रमांकावर फोन केल्यास पशुवैद्यकीय सेवेची गाडी मागवता येते.

तरीही कुत्रा चावलाच, आपला असो की परका, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. चुना, तिखट, हळद काही लावू नका. झाडपाल्यात आणि मंत्रात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस मोफत असते आणि जेवढे डोस सांगितले तेवढे सगळे घ्यावे लागतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. म्हणून आजवर काही झाले नाही, या भरवशावर थांबायचे नाही.

गटाने काय करता येईल?

एकेकटीने जाळी आणण्यापेक्षा चार-पाच घरांची मापे एकत्र करा आणि एकदाच घाऊक भावाने आणा. गाडीभाडेही वाटले जाते. शेजारी-शेजारी दोन वाड्या असतील तर मधली बाजू सामाईक ठेवा, खर्च अर्धा-अर्धा. पण ते बैठकीत सर्वांसमोर ठरवून वहीत लिहा, म्हणजे पुढे वाद नको. अंतर्गत कर्जातून कुंपणासाठी रक्कम देताना शेळीपालन किंवा कुक्कुटपालन करणाऱ्या बहिणीला आधी द्या. तिचे कुंपण तिचे उत्पन्नही राखते. तट्टे विणणाऱ्या, बांबूकाम येणाऱ्या बाया गटात असतील तर हेच काम त्यांना द्या.

आणि ज्या दोघींचे कुत्र्यावरून भांडण आहे, त्यांना उपदेश करत बसू नका. दोघींना घेऊन त्या कुंपणापाशी जा, कुत्रा कुठून निघतो ते दाखवा, आणि ती जागा त्याच दिवशी बुजवा. आमचा अनुभव असा की भोक बुजले की निम्मे भांडण तिथेच मिटते.

पुढच्या बैठकीला येताना एवढे करून या: आपल्या सांदवाडीचे माप, कुत्रा बाहेर पडतो ती जागा, आणि त्याला शेवटची लस कधी दिली ती तारीख, तिन्ही एका कागदावर लिहून आणा. तिथून पुढचे आपण मिळून ठरवू. तोवर फाटकाची कडी लावत जा, मैत्रिणींनो. नमस्कार.